पाच नटांच्या भरवशावर

जालन्याच्या मोंढ्यात सकाळी माल उतरत असताना पिकअप गाड्यांच्या रांगेतून एक फेरी मारावी आणि फक्त चाकांकडे पाहावं. अंबड-घनसावंगीकडची मोसंबी, भोकरदनची मिरची, परतूर-मंठ्याचं सोयाबीन घेऊन आलेल्या या गाड्या. काही चाकांवर सगळे नट एका रंगाचे, एका उंचीचे असतात. काहींवर चार गंजलेले आणि एक नवाकोरा, चकाकणारा. आणि एखाद्या चाकावर नुसता उघडा स्टड, त्याचा नट वाटेत कुठेतरी पडलेला.

उघड्या स्टडची काळजी कोणालाही वाटेल. पण मला त्या नव्याकोऱ्या नटाचीही तितकीच काळजी वाटते. तो कोणी निवडला आणि कशावरून निवडला? बहुतेक वेळा ड्रायव्हर जुना नट स्पेअर पार्टच्या काउंटरवर ठेवतो, ‘भाऊ, असाच एक द्या’ म्हणतो, आणि दुकानदार डब्यातून तसाच दिसणारा काढून देतो. तो स्टडवर चढतो, पान्याने आवळला जातो, गाडी निघते. नट चढला म्हणजे बसला, असा आपला समज असतो. चाकाच्या बाबतीत तो खरा नाही, आणि का नाही हे समजायचं तर नट नेमकं कोणतं काम करतो इथून सुरुवात करावी लागते.

गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं असं अनेकांना वाटतं. दिसतंही तसंच: स्टड भोकांतून आरपार गेलेले, त्यांवर चाक अडकवलेलं. प्रत्यक्षात नीट आवळलेल्या चाकात स्टडवर आडवा भार जवळजवळ येतच नाही. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो, आणि ताणलेला स्टड चाकाची डिस्क मागच्या ड्रमवर दाबून धरतो. सुताराने दोन फळ्या शिकंज्यात आवळल्या की त्या एकमेकींवरून सरकत नाहीत, तशी डिस्क ड्रमवरून सरकत नाही. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणावरची ओढ हे सगळं त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं. नटाचं काम एवढंच: तो दाब कायम ठेवणं.

हा दाब केवढा असतो? समजा गाडीच्या पुस्तिकेत ११० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे नट फिरवण्याचा जोर, सांगितला आहे आणि स्टड १२ मिलिमीटर जाडीचा आहे. आटे कोरडे आणि स्वच्छ असतील, तर एका नटामागे सुमारे ४६ हजार न्यूटनांचा दाब तयार होतो, म्हणजे साडेचार टनांहून जास्त. पाच नटांचे मिळून तेवीस टन. पोलादावर पोलादाचं घर्षण धरलं, तर चाक सरकण्याआधी साडेतीन-चार टनांची आडवी ओढ लागेल. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर साधारण टनभर भार असतो. म्हणजे खड्डे, ब्रेक, वळणं धरूनही हात राखून रचना केलेली आहे. पण हे गणित दाब पूर्ण असेल तरच. दाब अर्धा झाला की राखीव ताकद अर्धी होते, आणि मोसंबीचे क्रेट टपावर येईपर्यंत भरले की उरलीसुरलीही जाते.

एवढा दाब देणारा स्टड ताणला किती जातो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. लोखंडी डिस्कच्या चाकात हा ताण मिलिमीटरच्या चार-शतांशांच्या आसपास असतो. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मा. एवढ्याशा ताणावर सगळं चाक उभं असतं. नटाखाली किंवा डिस्कमागे दोन-शतांश मिलिमीटर जरी काही दबलं, झिजलं, उडालं, तर निम्मा दाब गेला. नट मात्र जागच्या जागी, एक कणही न फिरलेला. म्हणून ‘नट ढिला झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो फिरण्याच्या कितीतरी आधी दाब गेलेला असतो. नट निवडण्याचे सगळे नियम या चार-शतांशांच्या रक्षणासाठी आहेत.

पहिली गोष्ट आटे. पिकअपच्या वर्गात १२ मिलिमीटरचे स्टड सर्रास दिसतात, काही मोठ्या गाड्यांना १४ चे. पण १२ म्हणजे फक्त जाडी. शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, ज्याला मेकॅनिक पिच म्हणतात, ते १.५ मिलिमीटर असतं किंवा १.२५. इसुझूच्या डी-मॅक्सला आणि टोयोटाच्या हायलक्सला १२ × १.५ लागतो. १.५ च्या स्टडवर १.२५ चा नट घातला तर तो एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हाताने घालणारा माणूस तिथेच थांबतो. एअर गनने घालणारा थांबत नाही. गन दोन्हीकडचे आटे खाऊन पुढे जाते आणि आवाजावरून सगळ्यांना वाटतं की नट घट्ट बसला.

याहून घातक एक जोडी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला अर्धा इंच जाडीचे, इंचाला वीस आटे असलेले स्टड होते. त्या जीपचा वारसा घेऊन आपल्याकडे वर्षानुवर्षं गाड्या धावल्या, आणि हे इंची नट अजूनही जुन्या मालाच्या डब्यात सापडतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि इंचाला वीस आटे म्हणजे १.२७ मिलिमीटरचा पिच. आता हा नट १२ × १.२५ च्या स्टडवर घालून पाहा. पिच जवळपास सारखाच, आणि नट थोडा मोठा. तो अडत नाही, उलट लोण्यासारखा शेवटपर्यंत फिरत जातो. पण नटाचे आटे स्टडच्या आट्यांना फक्त टोकाला धरतात. आवळताना पान्याला जोर लागतो, गाडी निघते, आणि पहिल्या मोठ्या झटक्याला आटे सोलून निघतात. म्हणून दुकानात नट नुसता ‘चढतो का’ हे पाहू नये. त्याच चाकाचा चांगला नट आणि नवा नट दोन्ही एकाच चांगल्या स्टडवर दोन बोटांनी फिरवून पाहावेत. नवा नट सहज फिरला पाहिजे आणि अर्ध्यावर असताना डुगडुगता कामा नये. किंचित मोकळेपणा प्रत्येक नटात असतो. दोन नटांमधला फरक हाताला लगेच कळतो.

त्याच वेळी फेरे मोजावेत. नट टेकेपर्यंत स्टडच्या जाडीइतकी लांबी आट्यांत गुंतली पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. १.५ च्या पिचला साधारण सात-आठ फेरे, १.२५ ला नऊ-दहा. त्याहून खूप कमी भरले तर नट आखूड आहे, किंवा डिस्क जाड आहे. उलटपक्षी, टोपीबंद नट घेतला आणि स्टड लांब असला तर स्टडचं टोक टोपीला आतून टेकतं. पाना घट्ट लागतो, डिस्कवर मात्र दाबच नसतो. जास्त उंच नट म्हणजे जास्त मजबूत, हाही समज सोडून द्यावा. नटाच्या पहिल्या आट्यावरच सुमारे एक-तृतीयांश भार येतो आणि पुढे तो झपाट्याने उतरत जातो. दहाव्या-बाराव्या आट्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही.

आट्यांकडे निदान लोक पाहतात. बैठकीकडे फार थोडे पाहतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. नटाचा जो भाग डिस्कच्या भोकात टेकतो त्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत: निमुळता शंकूसारखा, चेंडूसारखा गोलाई असलेला, आणि खाली वायसर असलेला सपाट. शंकूचा कोन बहुतेक ६० अंशांचा असतो. डिस्कच्या भोकाची कड ज्या आकाराची, त्याच आकाराचा नट हवा. गोलाईच्या भोकात शंकूचा नट बसवला तर दोघांची भेट पूर्ण पृष्ठभागावर न होता एका बारीक वर्तुळावर होते. आवळताना ते जाणवत नाही. पण टनांचा भार त्या रेषेवर आला की धातू तिथे दबतो, आणि दबला म्हणजे आपले चार-शतांश गेले. शंकूच्या नटाखाली वेगळं वायसर किंवा स्प्रिंग वायसर घालणं हीसुद्धा तशीच चूक आहे. ढिला होऊ नये म्हणून घातलेलं वायसर नटाला त्याच्या बैठकीपासूनच तोडतं. शंकूचं दुसरं कामही त्यामुळे बिघडतं: अनेक चाकांत हा शंकूच डिस्कला मधोमध आणून बसवतो.

बैठक ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. काढलेल्या नटाचं तोंड फडक्याने पुसावं आणि उजेडात धरावं. पूर्ण रुंदीभर एकसारखा चकाकता पट्टा दिसला तर जोडी बरोबर आहे. एकाच कडेला बारीक रेघ चमकत असेल तर ती जोडी चुकलेली आहे, मग नट कितीही महाग असो. डिस्कच्या भोकाची कडही बोटाने चाचपावी. ती लंबगोल झाली असेल किंवा तिथे ओठ आला असेल, तर नवा नट घेऊन उपयोग नाही. डिस्कच बदलावी लागते. लोखंडी डिस्कमध्ये भोकाभोवतीचा भाग किंचित उचललेला असतो, आणि नट आवळल्यावर तो स्प्रिंगसारखा दबून ताण टिकवायला मदत करतो. वर्षानुवर्षं अति आवळून तो चपटा झाला की ती डिस्क नट धरून ठेवत नाही.

ॲलॉय चाकं बसवणाऱ्यांनी दुकानातून निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात. ॲलॉय डिस्क जाड असते, म्हणून तिचे नट वेगळे लागतात, आणि जुने लोखंडी डिस्कचे नट तिला पुरे पडतीलच असं नाही. आणि स्टेपनी लोखंडीच ठेवली असेल तर रस्त्यावर ती चढवायला जुन्या नटांचा एक संच गाडीत असला पाहिजे. ॲल्युमिनियम मऊ असतं आणि उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे अशा चाकांचे नट बसवल्यानंतर पुन्हा तपासणं अधिकच गरजेचं असतं.

आता पोलादाबद्दल. जालन्याला पोलादाबद्दल सांगावं लागत नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि त्याच्या सळया राज्यभर जातात. पण सळईचं पोलाद आणि स्टडचं पोलाद यांत मोठं अंतर आहे. घराच्या स्लॅबमध्ये जाणारी एफई ५०० सळई चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण सोसते, मग कायमची लांबू लागते. स्टडवर १०.९ असा आकडा असेल तर तो ९०० च्या पुढे जाऊनच लांबतो. तिथे मिश्रधातूचं प्रमाण, तापवून विझवण्याची प्रक्रिया, आटे कापून नव्हे तर दाबून काढण्याची पद्धत, सगळंच निराळं असतं. १०.९ च्या स्टडला जोड म्हणून नटावर १० चा आकडा असतो, ८.८ ला ८ चा. नियम असा की जोडी बरोबर असेल तर अति आवळल्यावर आधी स्टड तुटतो, नटाचे आटे सोलत नाहीत. तुटलेला स्टड दिसतो. आतून अर्धे सोललेले आटे दिसत नाहीत. लेथवर साध्या सळईतून काढलेला नट किंवा स्टड मापाने अचूक असेल, तरीही तो चाकाला लावू नये. शेतावरच्या मळणीयंत्राला तो चालेल. भरधाव गाडीच्या चाकाला नाही.

म्हणून गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर सांगून, बिल घेऊन नट घ्यावा. वर क्रोमच्या पत्र्याची टोपी चढवलेले नट दिसायला छान, पण पत्र्यात आणि नटात पाणी शिरून गंज धरला की टोपी फुगते. मग पाना बसत नाही, आणि तेही नेमकं रात्री, पावसात, टायर पंक्चर झालेला असताना. सहज वाटणारी एक गोष्टही लक्षात ठेवावी: नव्या नटाचं बाहेरचं माप जुन्यांइतकंच असावं. चार नट १९ च्या पान्याचे आणि एक २१ चा असेल, तर गाडीतला एकुलता एक व्हील पाना त्या एकाला लागत नाही.

योग्य नट हातात आला तरी अर्धं काम बाकी असतं, आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत हे अर्धं काम जास्त जड आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावर चाक बदलताना चिखल डिस्क आणि ड्रमच्या मध्ये जातो. तिथे तो दाबला जाऊन वाळतो, कडक होतो, आणि नट आवळताना पोलादासारखा वाटतो. पुढे कोरड्या रस्त्यावर चाकाच्या थरथरीने त्याची भुकटी होऊन तो गळून जातो. जाड रंगाचं आणि गंजाच्या पापुद्र्याचंही असंच होतं. हौसेने डिस्क रंगवणाऱ्यांनी मागची बाजू आणि नटांच्या बैठका रंगापासून वाचवाव्यात. चाक चढवण्यापूर्वी तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग घासणं हे मिनिटाभराचं काम आहे. नवा नट विकत घेण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

तेलाबद्दल मेकॅनिकांत मतभेद होतात, पण गणित स्पष्ट आहे. पान्याला लावलेल्या जोराचा जवळपास नव्वद टक्के भाग आट्यांमधल्या आणि नटाच्या तोंडाखालच्या घर्षणात जातो; स्टड ताणायला दहाच टक्के उरतात. आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच ११० न्यूटन-मीटरमध्ये दाब ४६ हजारांऐवजी ६५ हजार न्यूटनांच्या घरात जातो. १२ मिलिमीटरच्या ८.८ स्टडची सुरक्षित मर्यादा त्याच्या आधीच, पन्नास हजारांच्या थोडी पुढे संपते. म्हणून गंजलेला नट सोडवायला तेल मारावं, पण परत बसवताना आटे घासून, पुसून कोरडे करावेत. पुस्तिकेत तेल लावा असं स्वतंत्रपणे लिहिलं असेल तरच लावावं.

आवळायचं किती, यावर रस्त्यावरचं उत्तर ठरलेलं असतं: पान्यावर उभं राहायचं. सत्तर किलोचा माणूस अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला की सुमारे ३४० न्यूटन-मीटर होतात. सांगितलेल्याच्या तिप्पट. पाईप जोडला तर त्याहून जास्त. असा ताणलेला स्टड पुन्हा मूळ लांबीवर येत नाही आणि पुढच्या वेळी तो दाब धरू शकत नाही. पंक्चरच्या दुकानातली एअर गनही हेच करते, फक्त वेगाने. टॉर्क दाखवणारा पाना टायरांच्या एका जोडीच्या तुलनेत किरकोळ किमतीत मिळतो. दोन-तीन गाड्या असणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावाच, असं माझं ठाम मत आहे. तो हाताशी नसेल तर अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकावर बावीस-तेवीस किलोंचा जोर म्हणजे ११० न्यूटन-मीटर, हा अंदाज धरावा. सगळे नट आधी हाताने टेकवावेत, गाडी जॅकवर असताना समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर द्यावा. एका कडेने ओळीने आवळत गेलं तर डिस्क तिरपी बसते.

यानंतर पुन्हा तपासणी. बसवलेलं चाक पहिल्या काही फेऱ्यांत आपली जागा घेतं. रंगाचा थर, धातूची खडबड थोडी दबते. म्हणून पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर तपासायला सांगतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. चाक बदलून तिकडे माल पोहोचवला, तर परत निघण्यापूर्वी, चाकं गार झाल्यावर, पाना लावावा. समृद्धी महामार्गावर चढण्याआधी तर लावावाच. तिथे थांबायचं निमित्त मिळत नाही, आणि वेग एकसारखा राहतो. साधारण सत्तर सेंटिमीटर उंचीचं चाक किलोमीटरला साडेचारशे फेरे घेतं. संभाजीनगरपर्यंत सत्तावीस हजार. दाब गेलेल्या चाकात प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक स्टड एकदा वाकतो आणि सरळ होतो. तार मागेपुढे वाकवून तोडतात, तसाच तो स्टड तुटतो.

डाव्या बाजूच्या मागच्या चाकाकडे जास्त लक्ष द्यावं. आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये मोठ्या मालवाहू वाहनांची निसटलेली चाकं बहुतांश याच जागेची असल्याचं दिसून आलं. डावं चाक ज्या दिशेने फिरतं, त्यात उजव्या आट्यांच्या ढिल्या नटाला सुटण्याचा कल मिळतो. विलीज जीपच्या डाव्या चाकांना म्हणूनच उलटे आटे होते. कुणाकडे अशी जुनी जीप असेल तर डावीकडचा नट नेहमीच्या दिशेने सोडवायला जाऊन तो आणखी आवळला जातो आणि स्टड तुटतो. अशा स्टडच्या टोकावर बहुधा एल अक्षर कोरलेलं असतं.

ढिल्या नटाच्या खुणा चाक आधीच दाखवतं. नटाच्या कडेपासून बाहेर पसरलेल्या तांबूस गंजाच्या रेषा, भोकाभोवती उडालेला रंग, कमी वेगात ऐकू येणारी टकटक. काही बस-ट्रकच्या नटांवर पिवळ्या-नारिंगी टोकदार प्लास्टिकच्या खुणा दिसतात. टोकं एका नियमाने बसवलेली असतात. एखादं फिरलेलं दिसलं की नट फिरला. पिकअपला तेवढं करायचं नसेल तर नट आवळल्यावर रंगाची एक रेघ नटावरून डिस्कवर ओढावी. रेघ तुटलेली दिसली की पाना काढावा. फक्त हे ध्यानात असू द्यावं की रेघ नटाचं फिरणं दाखवते, दाब कमी झाल्याचं नाही. त्यामुळे रेघ ओढली म्हणून पाना लावणं बंद करू नये.

एक नट हरवलेला असताना उरलेल्या चारांवर गाडी हाकणं सर्रास चालतं. पाचापैकी एक गेला म्हणजे दाब पाचव्या हिश्शाने घटला, एवढाच हिशोब लोक करतात. पण दाब एका बाजूने जातो, आणि त्या रिकाम्या जागेच्या दोन्ही शेजाऱ्यांवर प्रत्येक फेऱ्याला वाकण्याचा ताण येतो. म्हणून स्टड तुटला असेल तर एकटा तोच बदलून भागत नाही, त्याच्या डावी-उजवीकडचे दोन्ही स्टडही बदलावेत. ते वरून शाबूत दिसले, तरी त्यांनी तोपर्यंत किती हजार फेरे वाकून काढले हे डोळ्यांना दिसत नाही. एकाच चाकावर दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या चाकाचे सगळे स्टड आणि सगळे नट एकाच वेळी, एकाच जातीचे घ्यावेत, आणि डिस्कची भोकं गोल आहेत ना ते त्याच वेळी पाहून घ्यावं.